ओळदारी

पारिश्वाडच्या दूध सोसायटीत
कॉम्प्युटर आहे एक जीबीचा,
तापला की पिठाच्या गिरणीसारखा घुमतो.
जुनी सिस्टिम त्याला ओढवेना,
म्हणून पेनड्राइव्हवरून हलकी चढवली:
घुंगूर नाही, झूल नाही, मानेवर नुसतं जू.
आता चालू होतो
ओमाण्णाची तंबाखू मळून होईपर्यंत.

पण पडदा कोरा.
फॅटचा प्रोग्रॅम आत कुठंतरी,
सोसायटीत, मग जुनं, मग जुनं-दोन,
आणि तिथवरची वाट एकट्या ओमाण्णाला ठाऊक.
तो मुलीकडं धारवाडला गेला की
गाव पुन्हा वहीवर येतं
नि सहा वाजता किटल्यांची रांग
पोस्टाच्या पेटीला टेकते.

"हितं समोर एक बटण ठेव की गे,
ह्या पोरीला दिसंल असं."
पोरगी म्हणजे शिवलीला,
बारावी, कन्नड मीडियम,
डिग्री बघताना एक डोळा मिटते.

मी कोरी फाइल उघडली.
पहिली ओळ चौकटी कंसात, तिला हात लावायचा नाही.
मग प्रकार. मग नाव.
मग काय चालवायचं त्याचा अख्खा पत्ता,
उंबऱ्यापासून चुलीपर्यंत;
एक तिरकी रेघ सुटली तर मुकाट बसतं.
मग चित्र. संपलं.
प्रोग्रॅम जागचा हलत नाही,
उद्या हे पुसलं तरी
थेंबभर दूध सांडायचं नाही.

"ह्याला तुमच्यात काय म्हणायचं, शॉर्टकटला?"
"ओळदारी," शिवलीला म्हणाली. आतली वाट.
मला मात्र ऐकू आली
दाराशी उभी असलेली ओळ,
किटल्यांचे कान वाजवणारी.

नावापाशी थांबले.
नावाला कंस जोडता येतो:
कंसात एम-आर, म्हणजे मराठी,
खालच्या ओळीत के-एन, म्हणजे कन्नड.
मशीन ज्या भाषेत उठेल ते नाव पुढं येतं,
दुसरं तिथंच राहतं, कोणी खोडत नाही.

ओमाण्णा दाराबाहेर बघत राहिला,
सोसायटीच्या पाटीकडं.
तिच्यावर त्याच्या हयातीत चारदा रंग चढला
नि दर पावसाळ्यात
खालचा थोडा फुगून वर आला.
"दोन्ही ठेवतंय म्हणतीस? एकाच फाइलीत?"
"होय."
"नि भांडत न्हाई?"
"सात ओळींची फाइल आहे, ओमाण्णा."
त्यानं तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली.

मराठीत मी लिहिलं: दूध मोजणी.
कन्नड शिवलीलानं एकेक बटण शोधत: हालिन अळते.
पण बिनकंसाचंही एक नाव लागतं,
दोन्हीतलं काहीच जुळलं नाही तर दिसायचं.
मशीन तूर्त उठतं इंग्रजीत,
म्हणजे दिसणार तेच.
दूध म्हटलं, डेअरी म्हटलं, फॅट म्हटलं,
ती नुसती मान हलवत होती.
मग ओमाण्णा थुंकायला बाहेर गेला तेवढ्यात
तिनं कीबोर्ड ओढला,
इंग्रजी अक्षरांत सहाच ठोके,
नि माझ्याकडं बघून ओठ दाबले.

शेवटी परवानगी.
चालवायला मुभा, खूण केली.
तरी पहिल्या टिचकीला मशीन विचारतंच:
नक्की चालवू का?
"चालव की, मारडक्या," आत येत ओमाण्णा म्हणाला,
पडद्यावर कुणाचं नाव आहे ते
चष्मा घरी असल्यानं त्याला दिसलं नाही.

पुढच्या सोमवारी तो धारवाडला.
मी खानापूरच्या स्टँडवर, हातात गरम मिरची भजी,
सहा वाजून दहा मिनिटांनी फोन.
मागं किटल्या, कुणीतरी कन्नडमध्ये ओरडतंय,
कुणीतरी मराठीत त्याला ओ देतंय.
"अक्का, ओमाण्णावर दोनदा टिचकी मारली."
"मग?"
"उघडलाय की."
आणि फोन तसाच चालू ठेवून
ती पहिल्या किटलीचं माप सांगू लागली.