अविश्वास

बेळगावातनं नोटीस आली, कानडीत.
वाचायला भरमाण्णा मास्तरांना
दुपारच्या झोपेतून उठवलं.
बारापैकी आठ सह्या,
त्यातला एक अंगठा.

हॉटेलच्या बाकड्यावर एकच वाद :
"खाल्लं ते खाल्लंच की मर्दा,
पण आत्ताच का?
इलेक्शन दोन महिन्यांवर आल्यावर?"
"मग कवा? पाईप गंजल्यावर?"
"पाईप हाईत कुठं गंजायला!"
हसले सगळे. चहा सांडला नोटिशीवर,
नेमका तारखेवर.

मी पंचायतीचा वॉटरमन.
तीन उन्हाळे गुरवगल्लीचा वॉल फिरवतोय,
नळातून येते नुसती हवा,
शीळ घातल्यागत.
तेव्हा हेच आठजण
अध्यक्षीणबाईंच्या जीपमधून
सौंदत्तीला जाऊन आले,
भंडारा लावून.

सोमवारी बैठक. खुर्च्या मीच मांडणार.
पेंटर निंगाप्पा आत्तापासूनच विचारूलाय,
फळ्यावरचं नाव पुसू की राहू दे?
नवीन लिहिलं तर टिकणार किती दिवस?

म्हटलं, खडूनं लिही.

तवर सात वाजले.
वॉल फिरवून गल्लीत आलो.
गंगव्वा घागर लावून बसलेली,
कोरड्या तोटीखाली.
म्हणाली,
"आज टायमावर आलास रे बाबा."