हातचा

मेंढ्या कातरून झाल्या की आम्ही पैसे मोजायला बसतो.
चॅपलमागची खोली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
दाराशी लोकरीच्या गोण्या,
आणि ग्वेनल्यान चहाच्या कपाखाली पावत्या दाबून धरते,
वारा येतो म्हणून.
इड्वालच्या नावाचा निधी. सहावं वर्ष.

आकडे मी मांडतो. जन्म पोस्टात गेला माझा.
सात नि आठ पंधरा. पाच खाली, हातचा एक.

इड्वालचा आधी अंगठा गेला.
कातरायचं यंत्र सुटून पडलं, तर म्हणाला, मेंढीनं लाथ मारली.
मेंढी त्याच्या गुडघ्यांत निपचित होती.
मग मनगट. मग सदऱ्याची बटणं,
ती ग्वेनल्यान लावायची, वरून खाली, न बोलता.
मग शीळ गेली.
कुत्रा चढावर उभाच राहिला
त्याच्या ओठांकडे बघत.

डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख.
पापण्यांनी माझ्या बेरजेतली चूक दाखवायचा.

औषध नाही, हे सांगताना डॉक्टरांनी
पेनाचं टोपण तीनदा लावलं, तीनदा काढलं.

गेल्या वसंतात आम्ही दोघं कार्डिफला गेलो.
प्रयोगशाळेत नेस्टा नावाची पोरगी;
आमच्या डब्यातून तिचा अकरा आठवड्यांचा पगार निघाला.
तिनं भिंगाखाली पेशी दाखवल्या,
इड्वालच्याच कातडीच्या कणातून वाढवलेल्या,
विंचरलेल्या लोकरीसारख्या, धाग्यात धागा.
ग्वेनल्यान वाकून बघत राहिली. चष्मा काढला, पुन्हा घातला.
"दुखतं का त्यांना?"
"नाही."
"काही सापडलं?"
"नाही," पोरगी म्हणाली. "पण कुठे नाही, ते कळलं."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.
अकरा आठवडे!
ग्वेनल्यान बसमध्ये बसल्यावर, बऱ्याच वेळानं बोलली:
हरवलेली मेंढी शोधताना इड्वाल
रिकाम्या कुरणाचं फाटक आधी लावून घ्यायचा.

तर यंदाचे दोन हजार तीनशे चौदा पौंड.
आणि डब्याच्या तळाशी एक बटण,
पांढरं, चार भोकांचं, दोरा अजून अडकलेला.
कुणी टाकलं, मी विचारलं नाही.
ग्वेनल्यान खिडकीकडे तोंड करून कप विसळत होती.

जमेच्या रकान्यात बटण कसं लिहितात,
पोस्टात कुणी शिकवलं नव्हतं.
मी ते मुठीत धरलं
आणि पान उलटून पुन्हा वरून सुरुवात केली.
सात नि आठ पंधरा.
पाच खाली.