ठमी गप्प आहे

रात्री सव्वादहाला पिशवी चाचपली.
रिकामी. सपाट.
दुपारी होती तशीच.

ठमी अशी गप्प बसत नाही.
ठमी म्हणजे माझ्या पोटावरचं गुलाबी तोंड,
सर्जननं आतड्याचं टोक बाहेर काढून शिवलेलं.
नाव मीच ठेवलं, वॉर्डातल्या आरशात
पहिल्यांदा बघून, रडून झाल्यावर.
ही बया कधीही बोलते.
लायब्ररीत. दातांच्या डॉक्टरकडे.
ग्लेनिसच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला,
दोन मिनिटांच्या शांततेत, अगदी सविस्तर.
अकरा महिने मी हिला म्हणत आले, गप्प बस.
आज बसली.

मग शेंगा आठवल्या.
स्वॉन्झीत मिळतात हेच मला माहीत नव्हतं.
ब्रॉनवेन नर्सनं दिलेल्या कागदावर मका होता, मशरूम होते,
खोबरं, सुका मेवा, संत्र्याच्या पांढऱ्या दोऱ्या.
शेवगा नव्हता. तिला कुठून ठाऊक असणार?
मला होता.
चोखायचा, चोथा ताटाच्या कडेला ठेवायचा,
हे तर शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं.
पण आमटी गरम होती, घरात कोणी नव्हतं,
आणि आता केराच्या डब्यातला चोथा मोजला
तर चार तुकड्यांचा भरला.
मी सात खाल्ले होते.

अकराला पहिली कळ.
पोट तबल्यासारखं ताणलेलं, ठमी सुजलेली,
रंग मात्र गुलाबीच. दिव्याखाली दोनदा बघितला.

खाणं बंद, हे पहिलं.
नव्या पिशवीचं भोक कात्रीनं थोडं मोठं कापलं,
सुजल्या गळ्याला सैल कॉलर.
बिनदुधाचा गरम चहा, घोटाघोटानं.
मग टबातल्या कोमट पाण्यात मी, एकसष्ट वर्षांची,
तळहातानं पोट चोळते आहे गोल गोल,
तान्ह्याचं चोळतात तसं. फक्त हिंग नाही.
मग गालिच्यावर, गुडघे छातीशी,
या कुशीवर, त्या कुशीवर.
मग जिना. वर, खाली, वर.
वरच्या खिडकीतून खाडीवरचे दिवे, खालून काहीच नाही.
मध्येच पिशवीत पाण्याची पिचकारी.
हरखले. मग कागद आठवला:
नुसतं पाणी म्हणजे सुटणं नव्हे,
अडलेल्याच्या कडेनं ते वाट काढतं.

कपाटात एरंडेल आहे,
आईचा सगळ्यावरचा उपाय.
त्याला हात लावायचा नाही.

आमच्या घरात सगळ्यांनी सगळं पोटात ठेवलं.
एवढ्या रात्री कुणाला उठवायचं, सकाळपर्यंत बघू,
वडील असंच म्हणाले होते,
आणि सकाळ त्यांनी पाहिली नाही.

दीडला उलटी झाली. हिरवी.
आता ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं,
फ्रिजवर लाल अक्षरांत ठरलेलंच होतं.
मी भिंत ठोकली.
ग्लेनिस गाउनवर कोट चढवून आली,
मांडीवर बादली दिली,
आणि सगळे सिग्नल हिरवे असताना
त्यांना शिव्या देत गाडी चालवली.

नाकातून नळी. हातात सलाइन. एक्स-रे.
पोरसवदा डॉक्टरला हवेत बोटानं शेंग काढून दाखवली.
त्यानं लिहून घेतलं: लांब, लाकडासारखी.
म्हणाला, बहुधा आपोआप सुटेल,
नाहीतर सर्जनना बोलवावं लागेल.
त्या ‘बहुधा’ला धरून मी दोन रात्री पडून होते.

तिसऱ्या पहाटे, पाच वाजून दहा मिनिटांनी,
सहा खाटांच्या त्या अंधारात
ठमी बोलली.
लांबलचक, ओलं, निर्लज्ज.
पलीकडची म्हातारी म्हणाली, ‘कोण गं ते?’
‘मी,’ म्हटलं. ‘मीच.’
पिशवीवर हात ठेवला. ऊबदार, जड.

दुपारी ग्लेनिसचा फोन:
तुझ्या फ्रिजमध्ये हिरव्या काठ्या आहेत, फेकू का?
मी बराच वेळ काही बोलले नाही.
मग म्हटलं, थांब. उकडून घे,
चमच्यानं गर खरवड, गाळणीतून गाळ,
सालं फेक.
म्हणाली, एवढी खटपट कशासाठी?
म्हटलं, आमटीसाठी.