राहिलं

दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर,
तुमच्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात:
भिंतीवरचं घड्याळ, दुरुस्ती.
हनीफचे दीडशे.
थेऊर, पायी. राहिलं.

घड्याळ मी भंगारात दिलं.
दीडशे हनीफभाईंनी घेतले नाहीत,
"वहिनी, कसले पैसे" म्हणून रिक्षा चालू केली.
उरलं थेऊर.

तर आज संकष्टी. पहाटे पाचला घोरपडे पेठेतून निघाले.
पायात सुनेचे बूट, पुढे कापूस कोंबलेला,
पिशवीत नारळ, राजगिऱ्याचे चार लाडू
आणि वही.

नवस फेडायचा तर मागितलं काय होतं ते ठाऊक नको?
तीस वर्षं तुम्ही दारोदार मीटर वाचलेत,
कोणाचा पंखा रात्रभर चालतो तेही घरी येऊन सांगायचात.
हे तेवढं सांगितलं नाहीत.

पुलगेटपर्यंत वाटलं, अमोघच्या बारावीचं असणार.
फातिमानगरच्या सिग्नलला वाटलं, छे,
माझ्या गाठीचं.
ससूनच्या जिन्याखाली रिपोर्टची वाट बघताना
तिथल्या मीटरचे आकडे तुम्ही पुटपुटत होता,
मला वाटलं होतं, सवय.

गाडीतळाला उजाडलं.
शेवाळवाडीला टाच सोलली.
बूट पिशवीत गेले, नारळाशेजारी,
देव काही म्हणाला तर म्हणू, सुनेचे आहेत.
लोणीला ऐंशी रुपयांची रबरी स्लिपर घेतली.

ह्या वाटेला सावली नाही. कंटेनर आहेत.
उसाची ट्रॉली गेली की घटकाभर गोड वास,
मग पुन्हा डिझेल.
एका पोराने धावत जाऊन मागून कांडं ओढलं,
माझ्याकडे बघून म्हणाला, "खाणार?"
उपास होता. खाल्लं.
उसाला चालत असावा.

मग कधीतरी, ऊन डोक्यावर आल्यावर,
एक नाव आठवलं. तुमच्या ऑफिसातलं. बाईचं.
तिथून पुढे मी जरा भरभर चालले.
मैलभर नेलं ते नाव,
मग एका दगडावर बसून पाणी प्यायले, आणि उठताना
ते तिथेच राहिलं की मी ठेवलं, सांगता येत नाही.

थेऊर फाट्याला दोन पोरं भेटली, मोबाईलवर पावलं मोजणारी.
"काकू, एकतीस हजार झाली आपली!"
आपली म्हणाला.
तुम्ही असता तर आकडा लिहून घेतला असतात,
मागच्या रीडिंगमधून वजा केला असतात.

गाभाऱ्यापुढे रांग होती, मग धक्का, मग मी.
चिंतामणी म्हणतात त्याला.
कुठली चिंता तुम्ही इथे ठेवून गेलात, मला न दाखवता?
विचारायचं होतं. निघालं ते वेगळंच:
ह्यांनी मागितलेलं दिलं असशील, तर हे घे.
दिलं नसशील तरी घे.
परत कोण नेणार आता, माझी टाच बघ.

नदीकडे उतरले. पाणी दिसत नाही,
नुसती जलपर्णी, या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी.
एक बगळा तिच्यावरून चालत होता,
बुडत नव्हता.
अंधार पडेपर्यंत त्यालाच बघत बसले.

शेवटच्या बसमध्ये वही काढली.
कंडक्टरकडे पेन मागितलं.
"परत द्या मावशी, एकच आहे."
"राहिलं"वर रेघ मारायची होती,
तेवढ्यात बस खड्ड्यात आपटली
आणि रेघ गेली थेट घड्याळावर.
असू दे. तेही खरंच आहे.

लोणीच्या पुढे कोणीतरी ओरडलं, "दिसला दिसला!"
अख्खी बस उजवीकडे कलली.
मला समोरच्या माणसाचं डोकं दिसलं,
आणि त्याच्या कानामागे थोडासा चंद्र.
पुरे झाला.
लाडू फोडला, अर्धा कंडक्टरला दिला.

उद्या हनीफभाईंच्या खिशात दीडशे कोंबायचेत.
घेणार नाहीत.
बघू.