चार कांबळी

कार्गोच्या खिडकीतून त्यानं विचारलं, वजन?
मी कागद पुढे केला.
एकशे अठरा किलो, पेटीसकट.
त्यानं शिक्का मारला, आणि त्याच हातानं
मागच्या माणसाची गुलाबाच्या खोक्यांची पावती घेतली.

नायक रेजिनाल्ड किनी.
आमच्या तुकडीत नुसता रेजी.
चंदीगडहून पहाटेच्या विमानानं आला, खाली, सामानात.
मी वर, खिडकीपाशी.
चहा हवा का, दोनदा विचारलं.
मी दोनदा घेतला.
त्याची अजून लाज वाटते.

साहेबांनी निघताना सांगितलं होतं:
वर्दीची इस्त्री मोडायची नाही,
सही घेतल्याशिवाय काही सोपवायचं नाही,
पेटी उघडू द्यायची नाही.
चौथी गोष्ट कुणी सांगावी लागत नाही.

मनोरीला रस्ता आहे, पण भाईंदरवरून, वळसा घालून.
पास्कलबाबा फोनवर म्हणाले,
आमचा माणूस तरीनंच घरी येतो.
म्हणून मार्वेचा धक्का.
तरीवाल्यानं मोटारसायकली उतरवल्या,
मासळीच्या रिकाम्या पाट्या उतरवल्या,
शाळेच्या पोरांना म्हणाला, पुढच्या खेपेला.
मग मला बाजूला घेऊन, हळूच: किती किलो?
बोट कलायला नको, म्हणून विचारतो.
एकशे अठरा, मी म्हणालो.
आकडा तोच. या वेळी जीभ अडकली.

बर्फाचा कडा सुटला होता.
नवव्या दिवशी आम्हाला जे सापडलं
ते एका माणसाचं वजन नव्हतं.
पेटीत ते सरकायचं.
ट्रकच्या प्रत्येक वळणावर ऐकू आलं असतं.
रात्री मी स्टोअरमधून चार कांबळी काढली,
घड्या घालून कडेनं बसवली,
काचेच्या सामानाला पेंढा लावतात तशी.
पेटी हलवून पाहिली.
आवाज नाही.

पलीकडच्या धक्क्यावर गावची पोरं खांद्याला आली.
एक जण म्हणाला, केवढा जड झाला रे मिल्टरीत.
पुढचा डावा कोपरा पास्कलबाबांनी धरला.
चाळीस वर्षं पाटी उचलून, काट्याशिवाय सांगणारा माणूस:
ही बोंबलाची, एकवीस किलो, त्यातला सात बर्फ.
दोन पावलं चालले. थांबले.
कोपरा जरासा वर केला, जरासा खाली.
माझ्याकडे बघितलं.
मी सावधानमध्ये बघतात तसा
कुणाकडेच बघत नव्हतो.

इनासबाय ओट्यावरून उतरली.
पेटीवर दोन्ही तळवे टेकून मला म्हणाली,
ह्याच्यान माजाच पोर हाय ना?
मी तोंड उघडलं.
त्याआधी पास्कलबाबा बोलले:
त्योच हाय. मी उचलला नाय का? त्योच.

भरतीची वेळ होती.
खड्ड्यात पाणी झिरपत होतं,
खणणारा तेलाच्या डब्यानं उपसत होता.
वर आम्ही स्टोव्हवर बर्फ वितळवून
अर्धा मग पाणी दोघांत प्यायचो.
रेजी म्हणायचा, आमच्याकडं जमिनीत हात घातला की पाणी.
मला थाप वाटायची.

फादरनी प्रार्थना म्हटली.
कुलाब्याहून आलेल्या जवानांनी तीन फैरी झाडल्या.
ताडावरचे बगळे उडाले,
खाडीवर एक फेरी मारून परत बसले.
घडी केलेला झेंडा हातात घेऊन इनासबाय म्हणाली, भिजलाय.
भिजला नव्हता.

मुठीनं माती टाकताना पास्कलबाबा शेजारी आले.
मान खालीच.
थंडी वाजत व्हती का त्याला?
मी म्हणालो, चार कांबळी होती, बाबा.
त्यांनी हातातली उरलेली माती खिशात टाकली,
का ते त्यांनाही कळलं नसावं.
बरा केलास, म्हणाले.

सोमवारी स्टोअरच्या मोजणीत चार कमी भरली.
गहाळ लिहू? कारकुनानं विचारलं.
नको, म्हटलं.
वापरात आहेत, लिही.