पटाबाहेर

दुकानात एकच उरला होता.
अंगठ्याच्या पेराएवढा, काळा,
खोक्यावर दुसऱ्याच कुठल्या यंत्रांची नावं, आमच्याचं नाही.
"चालेल हो बाई," दोन ओरेस्तेस म्हणाला,
फाटक्या गमबुटांबद्दलही तो हेच म्हणतो.

अचाओहून अपियाओला बोट दोन तास,
मंगळवारी आणि शुक्रवारी, वारा हो म्हणाला तर.
तबकडी टेकडीवर, दवाखान्याच्या छपरावर.
तिथून शाळेपर्यंत तार ओढायची
तर मधे तीन कुंपणं, एक ओढा
आणि दोन्या एर्सिलियाचा बैल.
म्हणून हा अडाप्टर.
खुपसला. दिवासुद्धा लागला नाही.

ड्रायव्हर आणायचा तर नेट हवं,
नेट यायचं तर ड्रायव्हर.
लग्न झाल्याशिवाय वेड जाईना,
वेड गेल्याशिवाय लग्न ठरेना.
माझा फोन बटणांचा, त्याला या भानगडी कळत नाहीत.

मग ओनोफ्रे नावाड्याच्या तंबाखूच्या डब्यातून
पेनड्राइव्हच्या खेपा सुरू झाल्या.
शुक्रवारी सोर्स कोड आला, पण कंपायलर नाही.
मंगळवारी कंपायलर आला, हेडर फाइली मात्र
एका आकड्याने चुकलेल्या.
पुढचा आठवडा बंदर बंद.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी सगळं आलं,
तंबाखूच्या वासासकट.
पडद्यावर ओळी धावल्या, धावल्या,
चूक एकही निघाली नाही,
आणि अडाप्टर ढिम्म.

रात्री चुलीशेजारी बसून
मी सुरीने त्याचं कवच उघडलं.
फुलांचे परागकण बघायचं भिंग लावलं.
आतली चिप ओळखीची निघाली!
ड्रायव्हर जिला रोज कामाला लावतो, तीच.
कंपनीने फक्त वरचा अंगरखा बदलून
नवा क्रमांक चिकटवलेला.
ड्रायव्हरच्या पोटात एक यादी आहे,
तो कोणाकोणाला ओळखतो त्याची.
तीत हा क्रमांक नाही.
एवढंच.

मी त्या यादीकडे बराच वेळ बघत राहिले.

एलीसेओ नेउन ऑगस्टात आला,
आलाओ बेटावरून, बापाच्या होडीतून,
सोबत बटाट्यांची गोणी आणि एकच बूट कोरडा.
मंत्रालयाच्या यादीत त्याचं नाव
मार्चपर्यंत चढत नाही.
यादीत नाही म्हणून त्याच्या वाटचं दूध नाही,
वह्या नाहीत, बाकसुद्धा नाही.
मी पटाच्या शेवटच्या रेघेखाली, समासात,
पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं.
रोज घेते.
तो "हजर" म्हणतो, गरजेपेक्षा जरा मोठ्याने.
दूध आम्ही अकरा पेल्यांचं बारा पेल्यांत ओततो.

तर तशीच एक ओळ वाढवली.
स्वल्पविराम विसरले. पुन्हा.
कंस विसरले. पुन्हा.
सकाळी पोरं चिखलाचे बूट दारात काढून आत आली
तेव्हा यास्नाला पहिल्यांदा दिसलं:
"बाई, हा डोळा मिचकावतोय!"
निळा, बारीक, थांबून थांबून.

पहिलं पान आम्ही हवामानाचं उघडलं.
त्यात लिहिलं होतं, अपियाओत पाऊस.
सगळ्यांनी खिडकीबाहेर बघून खात्री केली.
दुसरं पान आम्ही उघडलं नाही, पडदाच बोलला:
आठशे बारा अपडेट वाट बघत आहेत, घ्यायचे का?

नाही.
मी वहीचं पान फाडून पडद्याच्या कडेला चिकटवलं:
कोणीही "हो" दाबू नये.
नवी आवृत्ती आली की जुनी यादी परत येईल,
आणि माझी ओळ तिच्या ध्यानात नसेल.
एलीसेओने ती चिठ्ठी दोनदा वाचली.
मग काही न बोलता
अडाप्टरचा क्रमांक त्याने हातावर उतरवून घेतला,
मनगटापासून कोपरापर्यंत, मोठ्या अक्षरात.

मार्चमध्ये छापील पट येईल.
तोवर पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.