खेळात घेतलेलं मांजर

लेमेरीत, मासळीबाजाराच्या मागे,
आलिंग लुडीच्या पत्र्याच्या खोलीत सहा यंत्रं.
एक पेसो टाकला की पाच मिनिटं.
नाणं पडल्याचा आवाज मी डोळे मिटूनही ओळखतो:
नवं टणकन, झिजलेलं खळ्ळकन,
आणि लहान मुलाचं जरा थांबून,
कारण ते आधी मुठीत गरम होतं.

चार नंबरवर रोडेलिन येऊन बसली.
वय अकरा. पाय जमिनीला टेकत नव्हते.
कोळंबी सोलून मिळालेले सात पेसो
तिने कीबोर्डशेजारी उतरंडीसारखे रचले.

मी सहा नंबरवर, फळीआड,
माझ्या दुसऱ्या नावाने.
पहिल्या नावाला आता तोडीचे गडी मिळतात,
घाम फुटतो, हरायला होतं.
म्हणून हे दुसरं: कोरं, बिनपदकाचं,
कालच बारसं झाल्यासारखं.
यंत्र नावाकडे बघतं,
बोटांकडे बघत नाही.
ते म्हणतं, हा नवखा, ती नवखी,
लावा जोडी.

लग्नं जुळवणारेसुद्धा
निदान घरी येऊन कॉफी पितात,
भिंतींची ओल बघतात.

मी घेतला साखळीवाला.
सगळेच घेतात साखळीवाला.
गेल्या महिन्यात बनवणाऱ्यांनी त्याची साखळी
दोन हात लांब केली, का कुणास ठाऊक,
तेव्हापासून बाकीची चाळीस पात्रं
पंगतीत बसून राहिलीत,
पान न वाढलेल्या पाहुण्यांसारखी.

रोडेलिनने निवडली बदकवाली.
हातात छत्री, मागून तीन बदकं.
तिला कुणीच घेत नाही.
माझ्या पडद्यावर बदकं दिसली
आणि त्याच क्षणी चार नंबरवरून हसू आलं,
कारण ती वळली की बदकंही वळत होती,
शेवटचं जरा घसरत.

अकरा सेकंद.
साखळी, ओढ, फटका.
बदकं थोडी उशिरा मेली.

मेल्यावर परत यायला चाळीस सेकंद लागतात.
घड्याळ मेलेल्याकडूनही पैसे घेतं.
एका पेसोत ती सहा वेळा मेली
आणि जेमतेम एक मिनिट खेळली.

'असंच शिकतात,' जुने म्हणतात,
'आम्हीही असेच शिकलो.'
खोटं आहे.
आम्ही शिकलो तेव्हा सगळेच आंधळे होतो,
एकमेकांवर आदळत होतो,
आणि साखळी आखूड होती.

तिसऱ्या नाण्याला मी पुलावर नुसता उभा राहिलो,
पाठ करून.
मार, म्हटलं मनात, मार की.
ती आली. थांबली. बदकं थांबली.
मग छत्री मिटून पळत सुटली
आलेल्या वाटेने, थेट तटापर्यंत.
तिला वाटलं असणार, ही नवी युक्ती.
दोन पेसोत तिला मी
एवढंच शिकवलं होतं.

उरलेली चार नाणी मोजून तिने खिशात घातली.
आलिंग लुडी म्हणाली, अगं, दोन मिनिटं आहेत अजून.
रोडेलिन म्हणाली, असू देत.
तटाशी छत्रीवाली उभी राहिली,
बदकं तिच्या पायांशी चोची घासत.

दारातून गल्ली दिसते.
गल्लीत डबा उभा करून पोरं चपला मारत होती.
तिचा भाऊ इंतोय, चार वर्षांचा, मध्येच,
एकाच पायात चप्पल.
तो लिंबूटिंबू. आमच्याकडे म्हणतात सालिंग-पुसा,
खेळात घेतलेलं मांजर:
धावतं सगळ्यांबरोबर, बाद होत नाही.
रोडेलिनवर आल्या आल्या राज्य आलं.
तिने इंतोयला कमरेला धरलं,
'पकडलं!' असं इतक्या जोरात ओरडली
की तो खूष झाला,
मग त्याला सोडून दुसऱ्यामागे धावली.
नियम कुणाला सांगावा लागला नाही.

इकडे माझी पुढची जोडी लागली होती.
कुणाचं तरी कोरं नाव, कुठल्या तरी गावचं.
साखळी हातात घेऊन
मी कान देऊन बसलो,
कुठून हसू येतंय का.